भरल्या घागरींचा फोटो

उन्हात उभं राहून स्वतःऐवजी कॅमेऱ्यावर छत्री धरणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला तो धाडच्या एसटी थांब्यावर. डोक्याला नुसता रुमाल बांधलेला, तोही घामानं चिंब, आणि छत्री सगळी हातातल्या काळ्या पेटीवर. मी नुकतीच नोकरीला लागले होते, आणि जीभ माझी नोकरीच्या आधीपासूनच तिखट होती. शेजारच्या बाईला मी जरा मोठ्यानंच म्हटलं, "पेटीत तान्हं बाळ आहे वाटतं." त्यांना ऐकू गेलं. ते हसले नाहीत की रागावले नाहीत. "तसंच समजा," म्हणाले आणि ऊन सरकलं होतं तेवढी छत्रीही सरकवली.

ते बुलढाण्याच्या हायस्कुलात चित्रकला शिकवायचे. सगळे त्यांना मास्तरच म्हणत, मीही तेच म्हणते. महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. पंचायत समिती, जिल्हा परिषद हे शब्द लोकांच्या तोंडात अजून रुळायचे होते. फोटो म्हणजे लग्नातला, नाहीतर घरातल्या थकल्या माणसाचा, आता काढून ठेवलेला बरा असं सगळ्यांना वाटू लागलं की काढलेला. अशा काळात हा माणूस रविवारी सायकल एसटीच्या टपावर टाकून खेड्यापाड्यांतून हिंडे आणि डोंगराचे, नाल्याचे, तोडलेल्या झाडांच्या बुंध्यांचे फोटो काढून आणी. कुणी लग्नाला बोलावलं तर जात, पण त्या फोटोंत नवरानवरी एका कोपऱ्यात आणि मांडवासाठी तोडून आणलेल्या जांभळीच्या फांद्या ऐसपैस मधोमध. एका वधूपित्यानं म्हणे ते फोटो परत केले होते.

मी शिकवत होते ते गाव धाडच्या रस्त्यावरून आत दोन कोस. दोन खोल्यांची शाळा, त्यातली मागची खोली माझी राहायची. मास्तरांचा आमच्या नाल्यावर डोळा होता. नाल्याकाठच्या एका मोठ्या दगडावर त्यांनी चुन्याची फुली मारून ठेवली होती आणि दर दोन-तीन महिन्यांनी येऊन त्याच फुलीवर कॅमेऱ्याचं तीनपायी तिकाटणं उभं करून त्याच डोंगराचा फोटो काढायचे. मला हा शुद्ध वेडेपणा वाटे. "डोंगर काय पळून जाणार आहे का, मास्तर?" मी एकदा विचारलं. ते पुढच्या खेपेला शाळेत आले, माझ्या टेबलावर तीन फोटो ओळीनं मांडले आणि "बघा, तोवर मी चहाचं बघतो," म्हणून माझ्याच स्टोव्हकडे गेले.

तिन्ही फोटोंत डोंगर तोच होता. पहिल्यात झाडी पायथ्यापर्यंत उतरलेली. दुसऱ्यात कोळशाच्या भट्टीचा धूर आणि मधला पट्टा उघडा. तिसऱ्यात नुसता माथ्याला केस उरल्यागत झाडोरा. खालचा नालाही प्रत्येक फोटोत बारीक होत गेलेला. मी रोज त्या डोंगराकडे बघून दात घासत होते आणि मला हे दिसलं नव्हतं. चहाचा कप पुढं आला तेव्हा मी "हं" एवढंच म्हटलं. मला ओळखणाऱ्यांना विचारा, माझ्या तोंडून नुसतं "हं" निघणं म्हणजे केवढी गोष्ट होती.

तेव्हापासून मी त्यांची बाजू घ्यायला लागले. गावातल्या दोन पाणवठ्यांचे फोटो त्यांनी काढले होते, वरच्या आळीचा आणि खालच्या वस्तीचा, दोन्ही अगदी एकाच उंचीवरून, एकाच वेळी. त्यावरून काही मंडळी कुरकुरली, तर मी शाळेच्या ओट्यावर उभी राहून भांडले. मास्तर स्वतः कधी भांडायचे नाहीत. ते फोटो काढायचे आणि मांडायचे.

मी सांगते ती गोष्ट त्याच्या पुढच्या उन्हाळ्याची. गावची विहीर शिवरात्रीलाच आटली. मग नाल्याच्या वाळूत झिरा खणायचा, म्हणजे हातभर खड्डा. त्यात पाणी झिरपून येईपर्यंत काठावर बसून राहायचं आणि करवंटीनं उपसून घागरीत घालायचं. माझ्या चौथीच्या वर्गात अकरा मुली होत्या. होळीनंतर दोनच येत. बाकीच्या झिऱ्यावर नंबर धरून बसलेल्या. हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणा करून माझा हात दुखायचा आणि डोकं त्याहून जास्त.

त्या वर्षी बुलढाण्याला तालुक्याच्या कचेरीत नव्या विहिरींची यादी ठरणार होती. आमचं गाव यादीत होतं खरं, पण पार तळाला. तिथल्या साहेबांनी मनावर घेतलं तरच वर सरकणार, नाहीतर गळणार. विहीर मिळाली तर मुली शाळेत येणार, नाही मिळाली तर आणखी एक उन्हाळा झिऱ्यावर. कचेरीच्या आवारात शेतीचं आणि शाळांचं एक छोटं प्रदर्शन भरणार होतं. मास्तर म्हणाले, "तिथं मी एक भिंत मागून घेतो. झिऱ्याचा फोटो लावू. साहेब येताजाता बघतील." मग निघताना म्हणाले, "गुरुवारी येतो. कुणाला काही सांगायची गरज नाही हं, बाई."

आता, बायकांच्या पाणवठ्यावर परका पुरुष न सांगता-सवरता कॅमेरा घेऊन जाणार, हे मला पटेना. मास्तर साधे, त्यांना काय कळतं, असा माझा विचार. मी बुधवारी वर्गातल्या दोन मुलींना सांगितलं, "उद्या मास्तर झिऱ्यावर फोटो काढायला येणार आहेत. घरोघर सांगा." दोघी उड्या मारत गेल्या. मी स्वतःवर खूष होते.

गुरुवारी मास्तरांना घेऊन मी नाल्यावर गेले आणि बघतच राहिले. नऊ बाया ओळीत उभ्या. सणाची लुगडी, केसांना तेल, नाकात नथ, कुणाच्या गळ्यात शेजारणीची एकदाणी. चिंच आणि राखेनं घासलेल्या पितळी घागरी डोळे दिपतील अशा झगझगत होत्या, आणि प्रत्येक घागर काठोकाठ भरलेली. ओळीच्या मधोमध शाळेशेजारची वहिनी. तिच्या नवऱ्याचा वांग्या-मिरच्यांचा मळा होता, त्या साली अर्धा वाळलेला. गावात माझ्याशी तोडीस तोड बोलेल अशी ती एकच. आज मात्र तोंड घट्ट मिटून, मान ताठ, डोळे समोर रोखून उभी होती. तिनं ओठ न हलवता विचारलं, "बाई, पदर सारखा हाय का?"

मास्तरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग बायांकडे पाहिलं. सकाळपासून तयारी करून उन्हात उभ्या राहिलेल्या बायांना हा माणूस नको म्हणेल हे शक्यच नव्हतं. त्यांनी छत्री बाजूला ठेवली, प्रत्येकीचा पदर, प्रत्येकीची मान नीट होऊ दिली आणि फोटो काढला. मग प्रत्येकीचा वेगळा, दोघींनी डोळे मिटले म्हणून त्यांचा पुन्हा. बारा फोटोंची गुंडाळी तिथंच संपली. ज्यासाठी आले होते तो झिरा त्या नऊ लुगड्यांच्या मागं कुठं तरी झाकलेला होता.

प्रदर्शनाच्या भिंतीवर त्यांनी डोंगराचे तीन फोटो लावले, आटलेल्या विहिरीचा लावला, आधी कधीतरी काढलेला नाल्याचा एक लावला. बायांचा फोटो लावायला ते तयार नव्हते. मीच हट्ट धरला. "एवढ्या नटून उभ्या राहिल्या बिचाऱ्या. फोटो लावला नाही तर मला गावात तोंड दाखवता यायचं नाही." त्यांनी लावला.

साहेब आले. डोंगरापाशी थांबले नाहीत, विहिरीपाशी थांबले नाहीत. माणसाचा डोळा माणसाच्या चेहऱ्यावर जातो. ते थेट बायांच्या फोटोसमोर उभे राहिले. छान वाटलं त्यांना. "कुठलं गाव?" त्यांनी विचारलं. मी पुढं होऊन मोठ्या अभिमानानं नाव सांगितलं. सोबतच्या कारकुनाकडे वळून साहेब म्हणाले, "हे यादीत आहे ना? बघा की, पाण्यानं भरलेल्या घागरी. याच्याहून अडलेली गावं आहेत आपल्याकडे."

"साहेब, तिथं पाणी नाही," मास्तर म्हणाले.

"फोटो तुमचाच ना, मास्तर?"

मास्तर "हो" म्हणाले. दुसरं काय म्हणणार? कारकुनानं कागदावर रेघ मारली ती मी माझ्या डोळ्यांनी पाहिली.

परतीच्या एसटीत मी मास्तरांना काय काय बोलले, ते आठवलं की आजही कान गरम होतात. कसला कॅमेरा, कसली कला, असला खोटा फोटो फाडून टाका, वगैरे. ज्या चुकीवर माझं नाव लिहिलेलं होतं ती मी त्यांच्या पदरात घालत होते, आणि ते खिडकीबाहेर बघत ऐकून घेत होते. माझा दम संपल्यावर म्हणाले, "खोटा नाही हो, बाई. जरा लवकर काढला गेला, एवढंच."

मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही. उलट आणखीच चीड आली.

पण बुलढाण्यातल्या आपल्या घरी न जाता ते माझ्यासोबत एसटीत बसले होते, ते धाडला उतरून गावातही आले. वहिनी दारातच भाजी निवडत होती. मी तिच्यावरही घसरले. "काय गरज होती गं घागरी भरून उभं राहायची? तुमच्या त्या घागरींनी विहीर घालवली आपली!"

वहिनीनं हातातली जुडी खाली ठेवली. "बाई, रिकामी घागर घेऊन कोनी फोटूत उभं राहते काय? सवाशिनीनं? जलमभर भितीवर राहीन तो फोटू. रोज सकाळी उठून रिकामी घागर पाहाची काय मी?"

मी याच भागातली. रिकाम्या घागरीचा अपशकुन मला माहीत नव्हता असं नाही. घरून निघताना पाणी भरून येणारी बाई दिसली की मीसुद्धा मनातल्या मनात बरं मानत असे. फक्त शाळेत शिकवायला लागल्यापासून हे सगळं मी विसरल्यासारखं करत होते.

मास्तर उंबऱ्याशी टेकले. "वहिनी, ती घागर भरायला किती वेळ लागला?"

"दोन दिस लागले. पह्यल्या दिशी निम्मी, दुसऱ्या दिशी निम्मी. घरात पेयाले तांब्याभर ठेवलं, बाकी समदं घागरीत."

"आणि लुगडं धुतलंत?"

"त्याले आणखीन एक दिस. धुवा तर लागतेच ना, फोटू हाय तो!" मग एकदम आठवण होऊन, "पन आमचे फोटू कुठं हायत? कवा देता?"

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "कागदावर उतरवले की पाण्यानं खूप धुवावे लागतात. नाहीतर पिवळे पडतात."

"किती पानी लागते?"

"सगळ्यांचे मिळून आठ-दहा बादल्या."

वहिनीनं कपाळाला हात लावला. "हे बाप्पा! राहू द्या मंग. गावाले पानी लागलं का त्याच पान्यानं धुऊन द्या. तवरोक नोका देऊ."

"ठरलं," मास्तर म्हणाले, एखाद्या कागदावर सही करावी तसं.

मास्तरांकडे त्या वेळी मुंबईच्या एका मित्राचा हलतं चित्र घेणारा कॅमेरा आला होता. हातात मावेल एवढा, चावीचा, सदा त्यांच्या पिशवीत. मित्रानं एकच रीळ दिली होती, जेमतेम चार मिनिटांची, आणि ती कशावर खर्च करायची याचा विचार मास्तर तीन महिने करत होते. ते वहिनीला म्हणाले, "नुसत्या फोटोत दोन दिवस मावत नाहीत. याच्यात थोडे मावतील. तुम्ही रोजच्यासारख्या झिऱ्यावर बसायचं, पाणी भरायचं. मी मध्ये बोलणार नाही."

"म्हंजे सुरुवातीले रिकामी घागर दिसन?"

"दिसेल."

"मंग नाही."

मी तोंड उघडलं होतं. गावाचं भलं, मुलींचं शिक्षण, चांगलं पाऊण तासाचं भाषण माझ्याजवळ तयार होतं. मास्तरांनी नुसता हात वर केला आणि थांबले. ते असे थांबायचे की समोरच्याला वाटे, आपल्याला सवड आहे. वहिनीनं एक जुडी निवडली, दुसरी निवडली. मग म्हणाली, "घरून घोटभर पानी घालून आनीन मी. त्यात चिमूटभर हयद-कुकू. मंग ती रिकामी नाही. चालते काय तुमाले?"

"चालतं की," मास्तर म्हणाले. ही तोड ना त्यांच्या डोक्यातून निघाली असती ना माझ्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी रोजच्या विटक्या लुगड्यात आली. नथ नाही, तेल नाही. मास्तरांनी तिकाटणं झिऱ्याच्या काठाला रोवलं, आणि या खेपेला छत्री मी धरली, कॅमेऱ्यावर. वहिनी करवंटीनं खड्ड्याच्या तळचं पाणी टिपून घेई, घागरीत घाली आणि बसून राही. खड्ड्यात पाणी यायची वाट बघे. पुन्हा टिपी. दर अर्ध्या मिनिटाला मास्तर चावी भरत, तेवढा वेळ कॅमेरा बंद. अर्धी रीळ झाली की ती काढून उलटी घालावी लागे. ते त्यांनी घोंगडीखाली हात घालून चाचपडत केलं. मी म्हटलं, "वहिनीला जरा भरभर करायला सांगा, रीळ संपेल." मास्तर म्हणाले, "संपू दे." इतक्या हलक्या आवाजात की मी वरमले.

रीळ धुवायला मुंबईला गेली. ती परत येईपर्यंत यादी वर गेली तर सगळं मुसळ केरात. रोज पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसले मी. त्यालाही माझा कंटाळा आला असेल. अखेर रीळ आली, सोबत मित्रानं पडद्यावर दाखवायचं यंत्रही पाठवलं. मास्तरांनी साहेबांना गाठलं. ओळख ना पाळख, रोज शाळा सुटल्यावर कचेरीच्या व्हरांड्यात जाऊन बसायचे म्हणे. पाचव्या दिवशी साहेब कंटाळून म्हणाले, दाखवा काय ते.

दुपारची वेळ. कचेरीच्या सभागृहाच्या खिडक्यांना जाजमं लावून अंधार केलेला. भिंतीवर पांढरं धोतर ताणलेलं. त्या धोतराच्या शेजारी मास्तरांनी पुन्हा तोच भरल्या घागरींचा फोटो टांगला तेव्हा मी त्यांचा हात धरायचीच बाकी होते. वहिनी माझ्याबरोबर एसटीनं आली होती, मागं भिंतीला टेकून उभी. साहेब, कारकून आणि आणखी चार-पाच माणसं खुर्च्यांवर.

यंत्र घरघरायला लागलं. धोतरावर वहिनी आली. करवंटी, पाणी, वाट बघणं. पुन्हा करवंटी. आवाज नाही, गाणं नाही, काही नाही. पहिलं मिनिट सगळे कौतुकानं बघत होते, हलतंय म्हणून. दुसऱ्या मिनिटाला एकानं जांभई दिली. तिसऱ्याला खुर्च्या कुरकुरू लागल्या. साहेबांनी घड्याळ बघितलं. पडद्यावर वहिनी बसलेलीच. खड्ड्यात पाणी येतच नव्हतं. मग एकदम धोतर पांढरंफटक झालं.

"संपलं?" साहेब म्हणाले. "घागर भरलेली दाखवलीच नाही की. पुढचा भाग कुठाय?"

मास्तर म्हणाले, "रीळ एवढीच होती."

तेव्हा मागून वहिनीचा आवाज आला. घराच्या दारातून ती मुलांना हाक मारते तसा, खणखणीत. "पुढं काईच नाही, साहेब. तुमची रीळ सरली, माही घागर नाही भरली. अजून दिसभर बसा लागते."

सगळ्यांच्या माना मागं वळल्या. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग धोतराशेजारच्या फोटोकडे पाहिलं. उठून जवळ गेले. "ह्या त्याच का?"

"हाव. घागरबी तेच हाय."

"मग ही भरलेली?"

"तुमी पाहसान म्हनून भरली. दोन दिस लागले."

साहेबांनी फोटोतल्या घागरी एकेक करून मोजल्या. माणूस वाईट नव्हता, मी उगाच त्याला इतके दिवस शिव्या घातल्या होत्या. पुढच्याच सोमवारी तो जीप घेऊन झिऱ्यावर आला, टोपी काढून वहिनीच्या शेजारी वाळूत बसला आणि एक कळशी भरेपर्यंत उठला नाही. जाताना मास्तरांना म्हणाला, "तुमचा तो फोटो मला कळायला रीळ लागली." आमचं गाव यादीत वर आलं.

मास्तरांचा मोठेपणा मला त्या दुपारी कळला, आणि तो सांगायला मला लाज वाटत नाही. जो फोटो मी फाडायला सांगत होते तो त्यांनी टांगला. त्या बायांनी स्वतःला जसं दाखवू म्हटलं तसं त्यांनी दाखवलं, आणि गावाची अडचणही दाखवली. एकीसाठी दुसरीला खोटं पाडलं नाही. फोटो काढणारे मी पुढं पुष्कळ पाहिले. दुष्काळात गाड्या भरून आले, कुणाला कसं बसवलं, कुणाला रडायला लावलं, तेही पाहिलं. आमच्या मास्तरांची सर कुणाला आली नाही.

विहिरीला पाणी लागलं पुढच्या उन्हाळ्यात. तीन पुरुष खोल खोदून झालं तरी खडकच. मग एका दुपारी सुरुंगानंतर तळाशी ओल चमकली. सरकारी विहीर, म्हणून कागदावर सगळ्या गावाची. खरोखर सगळ्यांची व्हायला आणखी काही उन्हाळे गेले, आणि त्याचेही फोटो मास्तरांकडे होते. पाणी लागल्याच्या दिवशी संध्याकाळीच वहिनी माझ्या खोलीच्या दारात. "बाई, मास्तरले निरोप धाडा. पानी लागलं. आमचे फोटू द्या म्हना."

मास्तर आले ते तेलाचे दोन मोठे डबे घासून-पुसून घेऊन. वहिनीनं स्वतः पोहऱ्यानं पाणी शेंदून ते भरले. अजून गढूळ होतं, म्हणून धडप्यातून दोनदा गाळलं. ते डबे बैलगाडीनं धाडला आणि तिथून एसटीनं बुलढाण्याला. कंडक्टर म्हणाला, "मास्तर, बुलढान्यात पानी नाही काय?" मास्तर म्हणाले, "आहे. पण हे यांचं आहे." आठ दिवसांनी आणखी दोन डबे नेले. पहिल्या पाण्यात चार फोटो धुतले, दुसऱ्यात पाच.

रविवारी शाळेच्या ओट्यावर नऊ जणींना नऊ फोटो दिले. मास्तर प्रत्येक फोटोच्या मागं पेन्सिलीनं तारीख घालायचे, डोंगराच्या फोटोलासुद्धा. या नऊंच्या मागं काहीच नव्हतं. मी लगेच बोट ठेवलं. "तारीख राहिली, मास्तर."

"कोणती घालू?" ते म्हणाले.

मी म्हटलं, काढला त्या दिवसाची, दुसरी कोणती? ते चहाचं बघायला गेले.

मग माझ्या बदल्या झाल्या. मास्तर रिटायर झाले, गेले. ती रीळ चिकटून खराब झाली असं ऐकलं. मी बुलढाण्यात घर केलं. गेल्या वर्षी वहिनी गेल्याचं उशिरा कळलं, म्हणून भेटायला गेले. दारात नळ, अंगणात हौद. सुनेनं तांब्याभर पाणी दिलं. बैठकीत समोरच्या भिंतीवर वहिनी होती, हार घातलेली: ताठ मान, मिटलेले ओठ, नथ, आणि कमरेवर काठोकाठ भरलेली झगझगीत घागर. फोटो जराही पिवळा पडला नव्हता.

"एवढा एकच फोटू हाय त्यांचा," सून म्हणाली. "विहिरीले पानी लागलं त्या दिशीचा. त्या येईन त्याले सांगत, ही आपल्या विहिरीची पह्यली घागर."

"तसं नाही," हे माझ्या ओठांवर आलं होतं. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या वह्यांत लाल रेघा ओढल्या. चूक समोर दिसली की हात शिवशिवतो. फोटो विहिरीच्या एक वर्ष आधीचा. त्या घागरीत दोन दिवसांचं झिऱ्याचं पाणी. हे सांगणारी आता मी एकटीच उरले होते.

सून फोटो उतरवून माझ्याजवळ घेऊन आली. "फ्रेम बदलून आनून राह्यलो, बाई. खाली तारीख टाकाची म्हन्ते दुकानदार. मांगं तर काईच लिहेल नाही. तुमाले तर समदं ध्यानात राह्यते. कोन्ती व्हती?"

मला दोन्ही तारखा पाठ होत्या. मी पर्समधून पेन काढलं, फोटो गुडघ्यावर उलटा घेतला, आणि ज्या दिवशी सुरुंगानंतर तळाशी पाणी चमकलं त्या दिवसाची तारीख, फळ्यावर काढायचे तशा वळणदार आकड्यांत, लिहून दिली.